उसाच्या काळ्या रानात टोमॅटो: आधी निचरा, मग खत, आणि चुना नाहीच

सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यातून एका दादांनी विचारलं आहे: कृष्णाकाठची काळी जमीन आहे, उसाचा खोडवा (तोडलेल्या बुडख्यांतून पुन्हा आलेला ऊस) फेब्रुवारीत तुटला, आता त्या ३० गुंठ्यांत टोमॅटो करायचा आहे. शेजारच्या तुकड्यात मागच्या पावसाळ्यात टोमॅटो लावला होता. झाडं पिवळी पडून जागेवर बसली, आणि जी तगली त्यांच्या फळांना बुडाशी काळे डाग आले. कुणी सांगतं चुना टाका, कुणी अंड्याची टरफलं, कुणी एप्सम मीठ. शेणखत किती टाकू, जिप्सम टाकू का, आणि माती नेमकी तयार कशी करू?

दादा, चुना टाकू नका. टरफलंही नकोत आणि चुलीतली राखही नको. तुमच्या रानात चुना कमी नाही, उलट जास्तच असणार. नांगरटीत वर येणारे पांढरे खडे बघा, त्यातला एक घ्या आणि त्यावर व्हिनेगरचे चार थेंब टाका. बारीक फेस येऊन सुर्र आवाज झाला तर तो चुना. मातीच्या सुक्या ढेकळावर टाकूनही तसाच फेस आला, तर अख्ख्या मातीत मुक्त चुना मुरलेला आहे असं समजा. कृष्णाकाठच्या बऱ्याच काळ्या रानांचा सामू (पीएच) आठच्या आसपास असतो. टोमॅटोला सहा ते सात बरा वाटतो, साडेसातपर्यंत तो काही कुरकूर करत नाही, सामू त्याच्यावर गेला की लोह, जस्त आणि स्फुरद मातीत असूनही मुळांना मिळत नाहीत. अशा जमिनीत अजून चुना घालणं म्हणजे आधीच अडलेलं आणखी अडवणं.

हा सल्ला येतो तो आम्लधर्मी जमिनीच्या मुलखातून. तिथं तो बरोबरच आहे. आपल्या सातारा जिल्ह्यातही महाबळेश्वर, जावळी आणि पाटणच्या डोंगराळ भागात तांबडी जांभ्याची माती आहे, पावसानं धुऊन निघालेली आणि सामू कमी असलेली. तिथल्या माणसानं माती तपासून चुना टाकला तर फायदा होईल. पलूस, वाळवा, मिरज, कराडच्या काळ्या पट्ट्यात नाही.

मग फळांच्या बुडाला काळे डाग का आले? कॅल्शियम कमी पडल्यानंच आले, पण ते मातीत कमी नव्हतं, फळापर्यंत पोचलं नाही. कॅल्शियम झाडात पाण्याबरोबर वर चढतं आणि पानं जास्त बाष्प सोडत असल्यामुळे बहुतेक तिकडंच जातं, फळाच्या वाट्याला थोडंच येतं. रान चार दिवस तुडुंब आणि पुढं आठ दिवस कोरडं असलं, मुळं पाण्यात गुदमरली, मातीत क्षार जास्त असले किंवा युरिया एकदम पडला, की फळाचं टोक उपाशी राहतं. एप्सम मिठातलं मॅग्नेशियम तर कॅल्शियमच्या वाटेत स्पर्धा लावतं. तपासणीत मॅग्नेशियम कमी दिसल्याशिवाय ते टाकू नका.

म्हणून माझं सांगणं एकच आहे, आणि भारी रान असणाऱ्या प्रत्येकाला मी तेच सांगतो: खताच्या पोत्यांचा हिशोब नंतर करा, आधी मुळांना हवा कशी मिळेल ते बघा. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते, तिच्यातल्या पोकळ्या मिटतात आणि हवा बाहेर जाते. ऊस ते सोसतो. टोमॅटोचं मूळ एक-दोन दिवस पाण्यात राहिलं तरी मार खातं, झाड पिवळं पडतं, आणि आपल्याला वाटतं खत कमी पडलं.

ऊस निघालेल्या रानात आणखी एक दुखणं असतं, ते वरून दिसत नाही. वर्षानुवर्षं रोटर एकाच खोलीवर फिरतो, त्यावरून तोडणीच्या वेळी भरलेल्या ट्रॉल्या जातात, आणि आठ-नऊ इंचांवर एक घट्ट थर बसतो. हे बघायला रानात तीन ठिकाणी फूट-दीड फूट खड्डा घ्या. खड्ड्याच्या उभ्या बाजूला चाकूचं टोक वरून खाली टोचत जा. जिथं चाकू अडतो आणि उसाची जुनी मुळं आडवी वळलेली दिसतात, तिथं तो थर आहे. मग त्याच खड्ड्यात पाणी भरा, जिरू द्या, परत भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी सकाळपर्यंत उभं असेल तर निचरा नाही. २०१९ आणि २०२१च्या महापुरात जी रानं पाण्याखाली होती, तिथं गाळाचा बारीक थर बसून हे आणखी वाढलं आहे. त्या रानांत वरचा आणि खालचा थर नांगरानं एकमेकांत मिसळायलाच हवा.

जिप्समचं उत्तर मात्र एका वाक्यात देता येत नाही. खारवट जमीन वेगळी आणि चोपण जमीन वेगळी. खारवट जमिनीत विरघळणारे क्षार जास्त असतात, उन्हाळ्यात वर पांढरी खपली येते. तिथं निचऱ्याचे चर काढून गोड्या पाण्यानं क्षार खाली धुणं हा इलाज, जिप्सम टाकून काही होत नाही. चोपण जमिनीत सोडियम चिकणमातीला चिकटून बसलेला असतो, ती ओली असताना साबणासारखी बुळबुळते आणि वाळली की दगड होते. तिथं जिप्सम काम करतं, कारण त्यातलं कॅल्शियम सोडियमला हुसकावतं. पण हुसकावलेला सोडियम पाण्याबरोबर रानाबाहेर जायला वाट हवी, नाहीतर तो तिथंच राहतो.

चोपणपणा घरी ओळखायची एक साधी रीत आहे. काचेच्या स्वच्छ पेल्यात पावसाचं किंवा आरओचं पाणी घ्या, विहिरीचं नको, कारण त्यातले क्षार निकाल बिघडवतात. हरभऱ्याएवढं सुकं ढेकूळ अलगद तळाला सोडा. ढवळू नका, पेला हलवू नका. दोन तासांनी बघा आणि दुसऱ्या दिवशी परत बघा. ढेकूळ फुटून त्याचा चुरा झाला पण पाणी नितळ राहिलं, तर सोडियमचा त्रास नाही, फक्त सेंद्रिय कर्ब कमी आहे. ढेकळाभोवती दुधासारखं वलय पसरलं आणि दुसऱ्या दिवशीही ते खाली बसलं नाही, तर सोडियम आहे. मग प्रयोगशाळेत नेहमीच्या तपासणीबरोबर ईएसपी, म्हणजे विनिमययोग्य सोडियमचं प्रमाण, मागून घ्या. ते १५ टक्क्यांच्या वर असेल तर जमीन चोपण. जिप्समची मात्रा त्या आकड्यावरून काढतात. शेजाऱ्यानं टाकलं म्हणून चार पोती टाकण्यात अर्थ नाही.

तपासणीसाठी माती घेताना बांध, झाडाची सावली, खताचा ढीग आणि पाण्याचा पाट सोडून नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणांहून घ्या. व्ही आकाराचा खड्डा करून सहा ते नऊ इंचांपर्यंतची एकसारखी कापली घ्यायची, सगळी माती मिसळून चार भाग करत अर्धा किलोवर आणायची आणि सावलीत वाळवायची. सातारकरांना बोरगाव आणि काळवडेचं कृषी विज्ञान केंद्र आहे, तुम्हाला कांचनपूरचं. अहवाल हातात आला की आधी चार आकडे बघा. सामू बघा. ईसी, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं माप, १च्या आत असेल तर निर्धास्त राहा. सेंद्रिय कर्ब ०.४ टक्क्यांच्या खाली असेल तर कमी, ०.६च्या वर असेल तर बरा. आणि मुक्त चुना १० टक्क्यांच्या वर असेल तर लोह आणि स्फुरद यांच्याबाबत पुढं सांगतो तसं वागा. विहिरीचं पाणी देणार असाल तर त्याचीही बाटली द्या. माण, खटाव, आटपाडी, जतकडच्या मंडळींनी तर पाणी आधी आणि माती नंतर तपासावी.

काही जण विचारतात, गंधक टाकून सामू सातवर आणता येईल का? हिशोब करून बघा. एका एकराच्या वरच्या अर्ध्या फुटात साधारण ९०० टन माती असते. त्यात नुसता १ टक्का चुना धरला तरी तो ९ टन झाला. तो गंधकानं विरघळवायचा तर जवळपास ३ टन गंधक लागेल, आणि आपल्याकडं चुना १ टक्क्यावर थांबत नाही. तेव्हा अख्ख्या रानाचा सामू बदलायचा नाद सोडा. मुळं जिथं वाढणार ती बेडमधली पट्टी सुधारा, ते परवडतं आणि दिसतंही.

आता कामाला लागू. तुम्ही लागण कधी करणार ते लिहिलं नाही. पाऊस तोंडावर असताना जूनमध्ये घाई करण्यापेक्षा सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात करा, असं मी म्हणेन. मधले महिने माती बनवायला मिळतात.

खोडकी नांगरून वर काढा आणि गोळा करा. मार्चमध्ये घट्ट थर फोडण्यासाठी रान कोरडं असतानाच सबसॉयलर चालवा. ओल्या मातीत तो फोडत नाही, नुसती चीर पाडून जातो. मग फूटभर खोल नांगरट करून ढेकळं तशीच उन्हात तापू द्या. मुळं खाणाऱ्या हुमणीच्या अळ्या वर येतील, त्या बगळे-कावळे वेचतील. तुमच्याकडं नदीकाठच्या हुमणीचा उपद्रव आहे, तेव्हा नांगरामागं स्वतः चालत जा आणि फाळाच्या एका खेपेत किती अळ्या दिसतात ते बघून ठेवा.

पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, जाळू नका, पण लागणीच्या तोंडावर मातीत गाडूही नका. पाचटात कर्ब खूप आणि नत्र नावालाच. ते कुजवणारे जिवाणू मातीतलं नत्र आधी स्वतः खातात आणि रोपं पिवळी पडतात. शेजारच्या तुकड्यात हे झालं असण्याची बरीच शक्यता आहे. पाचट आत्ताच कुट्टी करून मातीत मिसळत असाल तर एकरी सुमारे ३० किलो युरिया, ४० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि ४ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक त्यावर टाका, ओल ठेवा आणि पावसाळाभर कुजू द्या.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात कुळवाच्या दोन पाळ्या देऊन ढेकळं फोडा, पाणी देऊन हिरवळीच्या खतासाठी ताग पेरा, एकरी २० ते २५ किलो. जमीन खारवट किंवा चोपण निघाली तर तागाऐवजी धैंचा, तो असल्या रानात तग धरतो. दीड महिन्यात फुलं दिसायला लागली की गाडा. काडी कडक झाली की ती कुजायला वेळ घेते, म्हणून फुलोऱ्याच्या पुढं थांबू नका. जिप्सम द्यायचं ठरलं तर याच वेळी वरच्या अर्ध्या फुटात मिसळा, म्हणजे पावसाचं पाणी पुढचं काम करेल.

यानंतरचं काम बरेच जण लागणीच्या आदल्या आठवड्यावर ढकलतात: बेड. कच्चे बेड जूनमध्येच, मोठ्या पावसाआधीच्या वाफशात, म्हणजे रान ना चिखल ना कोरडं असताना, पाडून ठेवा. ऑगस्टमध्ये काळ्या रानाला वाफसा मिळेलच याची खात्री नसते, आणि ओल्या रानात ट्रॅक्टर घातला तर मार्चमधली सगळी मेहनत वाया जाते. वाफसा बघायचा तर अर्धा फूट खालची मूठभर माती घट्ट दाबा आणि कमरेएवढ्या उंचीवरून खाली टाका. फुटून भुगा झाला तर औजार घाला. चपटा गोळा होऊन बसला तर अजून दोन दिवस थांबा. मग परत बघा, एकदा बघून ठरवू नका.

बेडमधलं अंतर पाच फूट, माथा अडीच ते तीन फूट रुंद, उंची कमीत कमी एक फूट. पावसात माती दबून त्याचं पाऊण फूट होतंच. सऱ्यांना थोडा उतार देऊन त्यांची तोंडं बांधाकडच्या चरात उघडी सोडा, आणि तो चर सरीपेक्षा खोल हवा. मग जुलैच्या जोराच्या पावसात एकदा रानात जाऊन उभे राहा. कुठल्या सरीत पाणी तुंबतं, कुठून वाहतं, कुठं बेड खचतो, ते त्या अर्ध्या तासात कळतं. खुणेच्या काठ्या रोवून ठेवा आणि उघडीप मिळाली की तेवढी जागा दुरुस्त करा.

शेणखत एकरी ८ टन, म्हणजे तुमच्या ३० गुंठ्यांना सहा टन, साधारण दोन-अडीच ट्रॉल्या. सगळ्या रानावर पसरण्यापेक्षा ऑगस्टअखेर बेडच्या माथ्यावर पट्ट्यात टाकून मिसळा. ते पूर्ण कुजलेलं हवं. ट्रॉली घेण्याआधी ढिगाच्या मध्यात कोपरापर्यंत हात घाला. गरम लागलं, शेणाचा वास आला, काडी ओळखू आली तर ते तयार नाही. हुमणीची अळी दिसली तर ते खत चाळून, अळ्या वेचून मगच रानात न्या. विटा-खानापूरकडं कोंबडीखत मिळतं, ते जोरदार असतं, पण कच्चं टाकलं तर मुळं भाजतात आणि अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खतात चुनाही असतो. कुजवून, शेणखताच्या चौथ्या हिश्श्याइतकंच वापरा. साखर कारखान्याची मळी (प्रेसमड) कुजवलेली असेल तर चांगली, ताजी नको. आसवनीचं सांडपाणी मुरवलेलं कंपोस्ट असेल तर ईसी विचारल्याशिवाय घेऊ नका. आणि उन्हाळ्यात धनगरांचा कळप रानात बसवता आला तर जरूर बसवा. लेंडी आणि मूत जागेवर पडतं, वाहतूक वाचते, आणि माळरानाच्या मुरमाड जमिनीत तर त्याच्यासारखं खत मला दुसरं ठाऊक नाही.

शेणखत टाकण्याच्या आठ-दहा दिवस आधी त्यातलं थोडं सावलीत ओलसर करून त्यात एकरी दोन किलो ट्रायकोडर्मा मिसळा, गोणपाटानं झाका, आणि मग बेडवर द्या. निंबोळी पेंड एकरी २०० किलो. सूत्रकृमीचा इतिहास असेल, म्हणजे आधीच्या वांगी-मिरचीच्या मुळांवर गाठी दिसल्या असतील, तर ती चुकवू नका.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची संकरित टोमॅटोसाठी शिफारस हेक्टरी ३०० किलो नत्र, १५० किलो स्फुरद आणि १५० किलो पालाश अशी आहे. एकरी तो हिशोब १२०:६०:६० होतो. स्फुरद सगळं लागणीला, आणि डीएपीऐवजी सिंगल सुपर फॉस्फेटमधून द्या. तुमच्या ३० गुंठ्यांना साडेपाच पोती लागतील. त्यात गंधकही येतं. चुनखडीच्या जमिनीत स्फुरद मातीला लागला की काही दिवसांत अडकतो, म्हणून शेणखतात कालवून बेडच्या मध्यावर एका ओळीत द्या, फेकून नको. नत्र शिफारशीत निम्मं लागणीला आहे. ठिबक असेल तर मी पाव भागच लागणीच्या वेळी देतो, अमोनियम सल्फेटची दोन पोती, आणि बाकीचं ठिबकमधून थोडं थोडं. काळ्या रानात पालाश बहुधा भरपूर असतं, अहवाल बघून कमी करा. ईसी जास्त असेल तर म्युरेट ऑफ पोटॅशऐवजी सल्फेट ऑफ पोटॅश.

लोह-जस्त कमी निघालं तर एकरी १० किलो फेरस सल्फेट आणि ८ किलो झिंक सल्फेट नुसतं मातीत टाकू नका. शेणखतात मिसळून आठवडाभर मुरवा, मग बेडवर द्या. पुढं पिकात शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर मुळातून द्यायला ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह घ्या. ईडीटीएमधलं लोह आपल्या सामूला मातीत टिकत नाही, ते फवारणीला ठेवा.

ऊस निघालेल्या रानासाठी आणखी एक गोष्ट, जी फार कमी जण बघतात. खोडव्यात ॲट्राझीन किंवा २,४-डी हे तणनाशक कधी मारलं होतं ते आठवा. ॲट्राझीन जास्त सामूच्या मातीत जास्त काळ टिकतं, आणि टोमॅटो दोन्हींना नाजूक आहे. ऑगस्टच्या सुरुवातीला दोन कुंड्या घ्या, एकीत रानातली माती, दुसरीत तणनाशक न पडलेल्या जागेची. दोन्हींत टोमॅटोची चार-चार रोपं लावून तीन आठवडे बघा. रानातल्या मातीत जुन्या पानांच्या कडा पिवळ्या पडून करपल्या तर ॲट्राझीन आहे, नवी पानं दोरीसारखी पिळवटली तर २,४-डी. मग यंदा तिथं मका किंवा ज्वारी घ्या. रान मोकळं निघालं तर मात्र उसानंतरचा टोमॅटो चांगला, कारण जिवाणूजन्य मर वांगी, मिरची, बटाटा, टोमॅटो यांच्या रानात साठत जाते, उसाच्या रानात तसं होत नाही.

मल्चिंग पेपर अंथरण्याआधी ठिबक चालू करून बेड पूर्ण भिजवा, वाफशावर येऊ द्या आणि मगच पेपर ओढा, सुक्या बेडवर नको. पेपर पडल्यावर बेडमधली ओल वरून दिसत नाही, म्हणून दर दोन-तीन दिवसांनी एका भोकातून बोट दोन पेरं आत घालून बघत जा. बुडाचे काळे डाग थांबवायला याहून खात्रीचा उपाय नाही. रोप लावताना त्याच्या आधीच्या मातीच्या पातळीपेक्षा दोन इंच खोल लावलं तरी चालतं, टोमॅटोच्या खोडाला मुळं फुटतात. भारी रानात त्याहून खोल नको.

तुमच्या बहिणीला सांगलीत गच्चीवर कुंड्यांत लावायचा आहे, असंही लिहिलंय. कुंडीत रानातली काळी माती एक तृतीयांशापेक्षा जास्त नको, बाकी गांडूळखत आणि कोकोपीट, तळाला भोकं मोकळी. कोकोपीट आधी दोन-तीन पाण्यांनी धुऊन घ्यावं, त्यात मीठ असतं. वीस लिटरपेक्षा लहान कुंडी घेऊ नये, आणि बोअरच्या क्षारांच्या पाण्याऐवजी नळाचं द्यावं.

चाकूच्या खड्ड्यात थर किती इंचांवर लागला, पेल्यातलं पाणी दुसऱ्या दिवशी कसं दिसलं आणि अहवालातले ते चार आकडे कळवा. जिप्समची मात्रा आणि ताग की धैंचा, हे त्यावरून नेमकं सांगता येईल.